निळी गोळी आणि शेवग्याची पावडर

चोपडा तालुक्यातल्या शाळेत मी विज्ञान शिकवते. दर सोमवारी सहावीपासून पुढच्या मुलामुलींना लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी द्यायचं कामही माझ्याकडे आहे. मध्यंतरी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला. त्याचा सारांश असा: गोळीतली जीवनसत्त्वं कारखान्यात केमिकलपासून बनतात, शरीर त्यांना ओळखत नाही, ती साचून किडनी खराब करतात. बी-१२ च्या गोळीत तर सायनाइड असतं. म्हणून ‘संपूर्ण अन्ना’पासून बनवलेल्या कॅप्सूल किंवा शेवग्याच्या पाल्याची पावडर घ्या आणि सरकारी गोळ्या बंद करा. पुढच्याच सोमवारी एक आई शाळेच्या दारात उभी होती. “मॅडम, माझ्या पोरीले ती गोळी देऊ नका.” त्या माऊलीला मी दोष देत नाही. मेसेजमधला एकेक दावा मात्र तपासायलाच हवा.

‘शरीर ओळखत नाही.’ क जीवनसत्त्व म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. लिंबातला त्याचा रेणू आणि कारखान्यातला रेणू यांत काडीचाही फरक नाही, आणि आतडंही दोन्ही सारखेच शोषून घेतं. उलट नंदुरबारकडे मिरची वाळत घातलेली पाहा. हिरव्या मिरचीत भरपूर असलेलं क जीवनसत्त्व उन्हात वाळताना बरंचसं नष्ट होतं. पाला वाळवून पावडर केली की तिथेही तेच होतं. वस्तू नैसर्गिक असली तरी तिच्यातलं सगळं टिकतं असं नाही.

‘सायनाइड असतं.’ हे वाचून कोणीही घाबरेल. सायनोकोबालमिन या बी-१२ च्या रूपात सायनाइडचा गट असतो, हे खरं. पण १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीत तो जेमतेम २० मायक्रोग्रॅम भरतो, आणि शरीर त्याची सहज विल्हेवाट लावतं. कोवळी ज्वारी खाऊन ढोरं दगावतात हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ते विषही सायनाइडचंच, आणि ते पूर्ण नैसर्गिक. विष ठरतं ते मात्रेवर. आपल्याकडे माळकरी घरं पुष्कळ, जैन घरंही. बी-१२ जिवाणू तयार करतात. भाजीपाल्यात ते नसतं, दूध-दह्यात थोडं मिळतं. स्पिरुलिना या शेवाळासारख्या वस्तूच्या ‘नैसर्गिक’ गोळीत मुख्यतः त्याचं असं रूप असतं जे माणसाच्या उपयोगी पडत नाही. हातापायांना मुंग्या येणाऱ्या शाकाहारी आजीला रक्त तपासून डॉक्टरांनी बी-१२ लिहून दिलं असेल, तर या मेसेजपायी ते थांबवणं म्हणजे तिच्या नसांशी खेळ आहे.

आता शेवगा. शेवग्याचा पाला उत्तम भाजी आहे, माझ्या घरी आठवड्यातून एकदा होतेच. पण जरा हिशेब करू. १०० ग्रॅम सुक्या पावडरीत २८ मिलिग्रॅम लोह, हा विकणाऱ्यांचा लाडका आकडा. तो जसाच्या तसा धरला तरी ५ ग्रॅमच्या चमच्यात १.४ मिलिग्रॅम येतं. वयात येणाऱ्या मुलीची रोजची गरज सुमारे ३० मिलिग्रॅम. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, तेवढं पावडरीतून मिळवायचं तर २०० ग्रॅमहून जास्त पावडर खावी लागेल. शिवाय पाल्यातलं लोह अंगी लागतं ते थोडंच. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. तिथे चमचाभर पावडरीवर पोरींना सोडून द्यायचं का?

गोळीची भीती कुठून येते, तेही मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी शौचाला काळी होते, कुणाला मळमळतं, आणि घरात म्हणतात, बघ, अंगात विष गेलं. ते न शोषलेलं लोह असतं, बाकी काही नाही. गोळी उपाशीपोटी देऊ नये, जेवणानंतर द्यावी. लगेच चहा देऊ नये, कारण चहा लोह अडवतो. जेवणात लिंबाची फोड असली तर लोह जास्त लागू पडतं. आणि पाकीट लहान लेकरांच्या हाती लागू देऊ नये, एकदम बऱ्याच गोळ्या पोटात गेल्या तर जीव जाऊ शकतो.

‘संपूर्ण अन्ना’च्या महागड्या कॅप्सूलबद्दल एवढंच सांगते की डबीमागची बारीक अक्षरं वाचा. अशा काही उत्पादनांत कारखान्यातलंच जीवनसत्त्व यीस्टला खाऊ घालून, ते यीस्ट वाळवून ‘अन्नातलं’ म्हणून भरलेलं असतं.

मेसेजमध्ये खरं काहीच नाही, असंही मी म्हणणार नाही. ई जीवनसत्त्वाचं नैसर्गिक रूप कृत्रिमपेक्षा खरोखर जास्त प्रभावी आहे. अ आणि ड जास्त झाली तर अंगात साचून अपाय करतात, मग ती कुठूनही आलेली असोत. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,००० पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटीनच्या, म्हणजे गाजरातल्या ज्या द्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं त्याच्या, गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढला. गाजर खाऊन असं होत नाही. म्हणून ज्याला कमतरता नाही त्याने उगाच गोळ्या खाऊ नयेत. कळण्याची भाकरी, भरीत, कच्चा कांदा, अंबाडीची भाजी, वरण हेच त्याचं खरं टॉनिक.

पण फॉलिक आम्लाच्या बाबतीत मेसेज पूर्ण उलटा आहे. गोळीतलं कृत्रिम फॉलिक आम्ल पालेभाजीतल्या फोलेटपेक्षा, म्हणजे त्याच जीवनसत्त्वाच्या नैसर्गिक रूपापेक्षा, जास्त चांगलं शोषलं जातं. गरोदरपणाआधीपासून ते घेतलं तर बाळाच्या मेंदू-मणक्यातले जन्मजात दोष पुष्कळ कमी होतात, हे १९९१ मध्येच सिद्ध झालं. आणि आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात, भिल्ल-पावरा पाड्यांवर, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची लेकरं आहेत. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, नव्या घडवायला फॉलिक आम्ल लागतं, म्हणून डॉक्टर ते रोज घ्यायला सांगतात. वारंवार रक्त चढवलेल्या लेकरांच्या अंगात लोह आधीच साचलेलं असू शकतं, म्हणून त्यांना लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यायची. फॉलिक आम्लाची मात्र त्यांनी एकही चुकवायची नाही. ‘सगळ्या गोळ्या बंद करा’ हा मेसेज त्या पाड्यांवरच्या मोबाइलमध्येही पोहोचला आहे.