‘ईसीएम गेलाय’ म्हणे!

गाडीचा आजार कळेनासा झाला की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘ईसीएम गेलाय.’ ईसीएम म्हणजे इंजिनाचा कारभार बघणारा गाडीतला कॉम्प्युटर. निदान सुचलं नाही की ‘व्हायरल आहे’ म्हणून मोकळं व्हायचं, त्यातलाच प्रकार. फक्त व्हायरल चार दिवसांत आपोआप बरं होतं आणि ईसीएमच्या नावाने खिसा रिकामा होतो.

माझ्या एकाच गाडीचा ईसीएम आजवर दोनदा ‘गेला’. पहिल्यांदा तो ठणठणीत होता. दुसऱ्यांदा खरोखर गेला होता, आणि त्या वेळी घोळ मी घातला.

पहिली गोष्ट. चालती गाडी अचानक बंद पडली, ती पुन्हा चालू होईना. स्कॅनर लावला तर थ्रॉटल, मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), पेडल असे चार-पाच सेन्सरचे बिघाडाचे कोड एकदम. गॅरेजवाल्याचा तर्क असा की एवढे सेन्सर एकाच वेळी कसे जातील? म्हणजे त्यांचा मालक, ईसीएमच गेला. ऐकायला बिनतोड. पण ईसीएम बऱ्याच सेन्सरना 5 व्होल्टचा सप्लाय देतो आणि पुष्कळ गाड्यांत तो एकाच लाइनवरून वाटलेला असतो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की अख्खी लाइन बसते आणि बाकीचे निरपराध सेन्सरही कोड टाकायला लागतात. पाण्याची मुख्य पाइप फुटली तर प्रत्येक घरातला नळ बदलत बसायचं नसतं, आणि टाकी तर नाहीच नाही.

मी गाडी ओढून एका वयस्कर इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी स्कॅनरला हातही लावला नाही. थ्रॉटलच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरीच्या जोडणीत, मीटरची पिन खुपसली, आकडा 0.3 व्होल्ट. मीटर तसाच बोनेटच्या कडेवर ठेवला आणि एकेक सेन्सरचा कपलर काढायला लागले. पहिला काढला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसरा एसीच्या गॅस प्रेशरचा. तो निघाला मात्र, मीटरवर 4.98. “मारा स्टार्टर,” म्हणाले. गाडी पहिल्या झटक्यात चालू. एसीचा आणि इंजिन चालू होण्याचा काय संबंध, असं मला कुणी आदल्या दिवशी सांगितलं असतं तर हसलो असतो.

त्यांच्याकडून एक गोष्ट शिकलो ती आजही डोक्यात आहे. ईसीएमची अर्थिंग ओहमवर तपासू नका. वायरची फक्त एक तार शिल्लक असली तरी मीटर शून्य ओहम दाखवतो आणि आपण खूश. लोड आला की तीच तार हात टेकते. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी ईसीएमच्या अर्थच्या पिनला, आणि मीटर व्होल्टवर. फरक 0.1 व्होल्टपेक्षा जास्त आला तर आधी अर्थच्या नटावरचा गंज घासा. मेन रिले, फ्यूज, अर्थ आणि 5 व्होल्ट एवढं पाहिल्याशिवाय कुणी ईसीएमचं नाव घेतलं तर मी सरळ किल्ली परत मागतो. त्या डब्यात हलणारं, झिजणारं काहीच नसतं. पाणी शिरलं, जंप स्टार्ट देताना वायरी उलट्या लागल्या, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सोल्डर तडकलं किंवा बाहेरच्या कुठल्या शॉर्टने मारलं, तरच तो जातो. जुन्या गाड्यांत आतले कॅपॅसिटर गळून बोर्ड खातात, ते वेगळं.

आता दुसरी वेळ. गाडी मिस मारायला लागली. कोड पी0203, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरचं सर्किट. टेस्ट लॅम्प लावला तर बाकीच्या तिन्ही कपलरवर लुकलुकतोय, तिसऱ्यावर ढिम्म. 12 व्होल्ट येतायत, कपलरपासून ईसीएमच्या पिनपर्यंत वायर धड. म्हणजे ईसीएमच्या आतला ड्रायव्हर, इंजेक्टर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, गेला. डबा उघडला तर एका चिपच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढा काळा डाग. या वेळी वाद घालायला जागाच नव्हती.

मग मी शहाणपणा केला. पार्ट नंबर अंकागणिक जुळणारा जुना ईसीएम मिळवला, स्वतः बसवला आणि स्टार्टर मारला. इंजिन उचललं, दीड-दोन सेकंद चाललं आणि बंद. पुन्हा तेच. डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा मिचमिचतोय. इमोबिलायझर! चोरी रोखणारी यंत्रणा. किल्लीतली चिप आणि ईसीएम यांची ओळख कारखान्यातच पटवलेली असते. परक्या ईसीएमला माझी किल्ली चोराची वाटणार. पार्ट नंबर जुळला म्हणजे डबा सारखा, आतली माहिती नव्हे. रागाच्या भरात जुना डबा भंगारात टाकायला निघालो होतो. नशीब टाकला नाही, कारण किल्लीचे कोड आणि गाडीचा चॅसी नंबर जुन्याच्या मेमरीतून वाचून नव्यात उतरवता येतात.

ते काम करायला पुन्हा त्याच इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी विचारलं, “इंजेक्टर मोजलेत का?” मी गप्प. ड्रायव्हर जळला हे पाहिलं होतं, का जळला हे विचारायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी मोजले. बाकीचे तीन इंजेक्टर 14 ओहमच्या आसपास, तिसऱ्या सिलिंडरचा फक्त 2. जो ड्रायव्हर एक अँपिअरच्या आत काम करायला बनवलाय त्याच्यातून हा इंजेक्टर सहा अँपिअर खेचत होता.

म्हणजे मी आणलेला डबाही त्याच वाटेने जाणार होता. ‘लावून बघू’ ही पद्धत बल्बला ठीक आहे. इथे लावून बघण्यातच नवा मरतो. माझा वाचला, कारण दर वेळी दोन सेकंदांत इमोबिलायझर इंजेक्टर बंद करत होता. तोच इमोबिलायझर, ज्याला मी दोन दिवस शिव्या घालत होतो. आधी इंजेक्टर बदलला, मग ईसीएम बसला.