धुरामुळे पृथ्वी थंड राहते, हा दावा चुकीचा आहे

गेले काही दिवस एक मजकूर मोबाइलवर फिरतो आहे. परवा तो माझ्या मामांनी पाठवला, वर ‘हे कुणी सांगत नाही’ असं लिहून. मामा चौफेर वाचणारे. त्यांना हे पटत असेल तर अजून कितीजणांना पटलं असेल, या विचाराने स्वस्थ बसवेना.

मजकुराचं म्हणणं असं: दर हंगामात पेंढा, गवत, जंगल जळतं, त्याचा धूर ऊन अडवतो आणि पृथ्वी थंड राहते. निघालेला कार्बन पुढच्या वर्षी झाडंच परत ओढून घेतात. धुराच्या कणांनी पाऊस वाढतो. माणूस हजारो वर्षं जाळतोच आहे. म्हणून जाळण्यावरची बंदी उठवा.

आधी थंडाव्याचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. दाट धुराखाली जमिनीवर ऊन कमी पोचतं, हे खरं. पण अडलेलं सगळं ऊन अवकाशात परत जात नाही. धुरातले फिकट कण प्रकाश परतवतात, काजळी मात्र तो शोषून घेते आणि वरची हवा तापवते. शिवाय धुराखाली काय आहे यावरही परिणाम ठरतो. खाली गडद समुद्र असेल तर धूर त्याहून उजळ ठरतो आणि थंडावा येतो. खाली पांढरेशुभ्र ढग असतील तर तोच धूर त्यांना काळवंडतो आणि उष्णता वाढवतो. आफ्रिकेच्या दक्षिण भागात साधारण जुलै ते ऑक्टोबर वणवे पेटतात. त्यांचा धूर अंगोला-नामिबियाच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकवरच्या ढगांच्या थरावर पसरतो. नासाने २०१६ ते २०१८ या काळात ‘ओरॅकल्स’ मोहिमेत तिथे विमानं पाठवून हेच अभ्यासलं. ‘धूर म्हणजे थंडावा’ हे सूत्र तिथेच मोडतं.

मग जगभराची बेरीज काय येते? आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची वैज्ञानिक समिती. तिच्या २०१३ च्या अहवालात जैवभार, म्हणजे पेंढा, गवत, लाकूड असा वनस्पतींचा माल, जाळल्याने निघणाऱ्या कणांचा उन्हावरचा थेट परिणाम दिला आहे: शून्य, आणि अनिश्चितता दोन्ही बाजूंना ०.२ वॅट प्रति चौरस मीटर. त्याच अहवालात एकट्या कार्बन डायऑक्साइडचा तापवणारा परिणाम त्याच मापात १.८२ आहे. कणांमुळे ढग बदलतात तो परिणाम या शून्यात धरलेला नाही, आणि तो थंडाव्याकडे झुकतो. एवढं मी मान्य करतो, नाइलाजाने. पण हे कण हवेत टिकतात काही दिवस, फार तर एक-दोन आठवडे. त्याच आगीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शतकानुशतकं राहतो. आठवड्याभराच्या सावलीसाठी शतकांची उष्णता पत्करा, असं हा मजकूर लोकांना सांगतो आहे आणि लोक ते पुढे पाठवत आहेत!

कार्बनच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. वार्षिक पिकाचा पेंढा जाळला तर त्यातला कार्बन डायऑक्साइड पुढचं पीक साधारण तेवढाच शोषतं. आयपीसीसीच्या हिशोबाच्या नियमांतही तो धरत नाहीत. मात्र त्याच आगीतला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड धरतात, कारण हे वायू पीक परत घेत नाही. नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशोबात, वजनाला वजन, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. आणि पेंढ्याचा नियम जंगलाला लावता येत नाही, दलदलीतल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, जमिनीला तर नाहीच. १९९७ मध्ये इंडोनेशियात वणवे लागले, त्यांतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन निघाल्याचा अंदाज आहे. त्या काळी जगभरातल्या खनिज इंधनांतून वर्षाला निघणाऱ्या कार्बनच्या १३ ते ४० टक्के! हे पीट साठायला हजारो वर्षं लागली. ते कुठल्या ‘पुढच्या वर्षी’ भरून येणार?

पावसाचा दावा तर बहुतेक वेळा उलटा पडतो. धुराचे कण फार झाले की तेवढंच पाणी असंख्य बारीक थेंबांत वाटलं जातं, थेंब मोठे व्हायला वेळ लागतो आणि पाऊस लांबतो. ॲमेझॉनवरच्या ढगांत हे मोजलं गेलं आहे. दाट धुरात तिथे छोटे ढग तयारच होत नाहीत असंही दिसलं.

हजारो वर्षांच्या परंपरेबद्दल एकच सांगतो. पूर्वी इतक्या दलदली पाट खणून कोरड्या केलेल्या नव्हत्या, आणि ओली दलदल अशी पेटत नाही.

राहिली बंदी. कापणी आणि पुढची पेरणी यांत मोजके दिवस असतात, पेंढा उचलायला मजूर मिळत नाहीत, यंत्र परवडत नाही. शेतकऱ्याची ही अडचण खरी आहे आणि नुसत्या दंडाने ती सुटत नाही. यंत्र भाड्याने मिळणं, पेंढ्याला गिऱ्हाईक असणं, यावर बोलायला हवं. मामांनी पाठवलेल्या त्या लांबलचक मजकुरात त्याबद्दल एक ओळसुद्धा नाही.