संत्र्याचे पांढरे धागे आणि १,२०० रुपयांची बाटली

आज दुपारी नागपुरात धरमपेठेत एका स्नेह्यांकडे बसलो होतो. त्यांच्या चिरंजीवांनी माझ्यादेखत आंबिया बहाराचे उत्तम संत्रे सोलले, प्रत्येक फोडीवरचे पांढरे धागे नखाने एकेक करून काढून बशीत टाकले आणि मग एका बाटलीतून ‘फ्लॅव्होनॉइड’ची, म्हणजे फळाभाज्यांत मुळातच असणाऱ्या एका गटातल्या द्रव्यांची, कॅप्सूल काढून पाण्याबरोबर गिळली. बाटलीची किंमत १,२०० रुपये. मी चहा अर्धा टाकून उठलो.

त्या बाटलीवर ज्याचे नाव ठळक छापले होते, ते हेस्पेरिडिन हे फ्लॅव्होनॉइड संत्र्यात भरपूर असते ते सालीच्या आतल्या पांढऱ्या थरात, धाग्यांत आणि फोडींच्या पापुद्र्यांत. गाळलेल्या रसात त्या मानाने थोडे. १८२८ साली ते पहिल्यांदा वेगळे काढले गेले, तेही याच पांढऱ्या थरातून. म्हणजे बशीत टाकलेले तेच आपण बाटलीतून विकत घेतो, आणि तेही नागपुरात!

माझी आजी काटोलची. संत्र्याचा धागा काढताना दिसलो की ती म्हणायची, “कायले फेकतं रे पोट्ट्या? वर्षभर पानी पाजलं तवा आलं हे फळ.” मग तो धागा तिच्या डोळ्यांदेखत खावा लागे.

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द आता बिस्किटापासून फेसवॉशपर्यंत सगळ्यांवर छापलेला असतो. परीक्षानळीत फ्लॅव्होनॉइड मुक्त मूलके, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, शमवतात, हे खरे. पण पोट म्हणजे परीक्षानळी नव्हे. हेस्पेरिडिनला चिकटलेली साखर मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात तेव्हा कुठे त्यातले थोडेसे शोषले जाते आणि त्याचेही रूप शरीर लगेच बदलून टाकते. खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता दाखवणारा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण कंपन्या त्या आकड्यांचा जाहिरातीसाठी गैरवापर करत होत्या. क जीवनसत्त्व शोधणाऱ्या सेंट-ज्यॉर्जी यांच्यासारख्या शास्त्रज्ञानेही १९३६ साली फ्लॅव्होनॉइडांना ‘जीवनसत्त्व पी’ म्हटले होते. ती जीवनसत्त्वे नाहीत हे पुढे उमगले आणि ते नाव मागे पडले. आमच्या बाटलीवाल्यांना मात्र अजून काहीच उमगलेले नाही.

फुगलेल्या शिरांसाठी आणि मूळव्याधीसाठी डॉक्टर डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्या देतात आणि त्यांनी अनेकांना आराम पडतो, एवढे मान्य. पण तिथे रोग असतो, डॉक्टर असतो. इथे तिशीतला धडधाकट मुलगा आणि मोबाइलवरची जाहिरात.

हे लिहिता लिहिता स्वयंपाकघरातून कांद्याचा वास आला आणि थोडा ओशाळलो. कांद्यातले क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड बाहेरच्या थरांत अधिक असते आणि मी आजवर साल काढताना त्याखालचा एखादा चांगला थरही खुशाल कचऱ्यात टाकत आलो आहे. त्या मुलावर एवढे तापण्याचा अधिकार मला कितपत आहे, कोण जाणे.

आणि आजीबद्दलही खरे तेच सांगायला हवे. गेली काही वर्षे मी तिला चारचौघांत मोठी आहारतज्ज्ञ करून ठेवले आहे. तिला फ्लॅव्होनॉइड ठाऊक नव्हते, आणि तो धागा औषधी आहे असेही ती कधी म्हणाली नाही. एका उन्हाळ्यात बागेतली विहीर आटली, तेव्हा तिने आणि आजोबांनी बैलगाडीवर पिंप लादून आणलेले पाणी झाडांच्या आळ्यांत तांब्यातांब्याने ओतले होते. तरीही निम्मी झाडे वाळली. त्यानंतर संत्र्याचे काहीही टाकलेले तिला सोसत नसे. तिचे म्हणणे पाण्याविषयी होते. आरोग्य त्यात मी नंतर घातले.

उद्या कळमन्याच्या बाजारातून डझनभर संत्री घेऊन स्नेह्यांकडे जाणार आहे. अर्धा राहिलेला चहाही प्यायचा आहे. बाटलीबद्दल अवाक्षर काढायचे नाही, असे आत्ता तरी ठरवले आहे.