उपाशीपोटी साखर नॉर्मल, तरीही म्युकर

मुंबईत म्युकरमायकोसिसचा, म्हणजे काळ्या बुरशीचा, विषय निघाला की २०२१ च्या कोविड लाटेतलाच वाद पुन्हा रंगतो: दोष ऑक्सिजनच्या सिलिंडरचा, की ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये भरलेल्या नळाच्या पाण्याचा? आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं, परदेशात स्वच्छता असते म्हणून तिकडे बुरशी झाली नाही. झाली की! ब्रिटनच्या आयसीयूंत ती ॲस्परजिलस ही दुसरी बुरशी होती, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या फुप्फुसांत. तिच्या निदानाला ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेतून दुर्बीण घालून तपासणी) लागते आणि उडणाऱ्या तुषारांतून कोविड पसरेल या धास्तीने पहिल्या लाटेत नेमकी तीच टाळली जायची. तेव्हा इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, स्वच्छतेचे गोडवे पुरेत. ह्युमिडिफायरमध्ये निर्जंतुक पाणीच घालावं, पण मूळ दुखणं तिथे नाही.

कोविडवर दिलं जाणारं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दोन्हीकडे होतं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतून निघालेला डोस रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता. आपल्याकडे मात्र घरी बसलेल्यांनीही स्टेरॉइड घेतलं, त्यात कित्येकांचा मधुमेह आधी कळलेलाच नव्हता. साखर भडकून रक्तात आम्लता आली की लोह मोकळं होतं, आणि म्युकर त्यावरच पोसतो.

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती साखर मोजण्याची वेळ. सकाळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतलं की साखर दुपारनंतर चढते आणि पहाटेपर्यंत उतरते. डेक्सामेथासोनचा अंमल जास्त लांबतो, तरी जेवणानंतरचा आकडा आधी बिघडतो. आपण रक्त देतो सकाळी, उपाशीपोटी. रिपोर्ट ११०, घरचे निर्धास्त. संध्याकाळी ग्लुकोमीटर लावला असता तर ३०० दिसले असते. इथल्या वॉर्डांत स्टेरॉइडवरच्या रुग्णाची साखर जेवणांआधीही बोटातून बघतात आणि साधारण १८० च्या आत ठेवू पाहतात. स्टेरॉइड उतरवताना इन्शुलिनही उतरवावं लागतं, नाहीतर साखर घसरते.

एका बाजूचा गाल बधिर, नाकातून काळपट स्राव, हलणारा दात, डोळ्यामागे ठणका: त्याच दिवशी ईएनटीकडे. नाकातल्या तुकड्याचे दोन भाग करावेत, एक फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा सलाइनमध्ये मायक्रोबायोलॉजीला. घाईत सगळाच फॉर्मलिनमध्ये गेला की कल्चर, म्हणजे बुरशी वाढवून बघणं, संपलं. प्रयोगशाळेनेही तो तुकडा चटणीसारखा वाटू नये, बारीक कापावा. म्युकरच्या तंतूंत आडपडदे (आतल्या आडव्या भिंती) जवळपास नसतात, वाटल्यावर ते मरतात आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. केओएच हे रसायन घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की रुंद, फितीसारखे तंतू त्याच दिवशी दिसू शकतात. गॅलॅक्टोमॅनन निगेटिव्ह आलं म्हणून म्युकर नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, ती चाचणी ॲस्परजिलसची. व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं औषधही म्युकरवर चालत नाही.

चालतं ते लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन, किलोमागे ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या, रोज, कित्येक आठवडे. मिसळायचं ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, सलाइनमध्ये साका होतो. शिवाय सडलेला भाग शस्त्रक्रियेने काढावाच लागतो. मे २०२१ मध्ये याच कुप्यांसाठी मुंबईत लोक वणवण फिरत होते. डिस्चार्ज कार्डावर स्टेरॉइड कोणत्या तारखेला थांबवायचं, साखर किती वाजता बघायची आणि कितीच्या वर गेली तर परत यायचं, हे तीन आकडे लिहायला काहीच खर्च येत नाही.