तेविसावा रस्ता आणि ‘तेवीस’: पोबाऱ्याच्या एका गोष्टीचा प्रतिवाद

न्यूयॉर्क पाहून आलेल्या मराठी माणसांकडून, आणि तिथे न जाता नुसत्या चित्रफिती पाहणाऱ्यांकडूनही, एक गोष्ट हल्ली वारंवार ऐकू येते. अमेरिकेच्या जुन्या बोलीत ‘ट्वेंटी-थ्री स्किडू’ असा एक शब्दप्रयोग होता. दुसऱ्याला उद्देशून म्हटला तर त्याचा अर्थ ‘चल, फूट इथून’ असा होई, आणि बोलणारा स्वतःच काढता पाय घेत असेल तर ‘मी सटकतो’ असा. या प्रयोगाच्या जन्माची गोष्ट अशी सांगितली जाते: मॅनहॅटनमधली फ्लॅटआयर्न ही त्रिकोणी इमारत १९०२ मध्ये उभी राहिली, तिच्या टोकाशी वारा असा घुमू लागला की रस्ता ओलांडणाऱ्या बायकांचे घोळदार झगे उडू लागले, त्यांचे घोटे दिसावेत म्हणून तेविसाव्या रस्त्यावर रिकामटेकड्यांची गर्दी जमू लागली, पोलीस त्या गर्दीला ‘ट्वेंटी-थ्री, स्किडू!’ असे म्हणून पिटाळू लागले; आणि पुढे १९२० च्या दशकात हे शब्द तिथल्या तरुणांच्या तोंडी बसले.

गोष्ट मोठी झकास आहे. इमारत आहे, वारा आहे, थोडा चावटपणा आहे आणि शेवटी दंडुकेवाला पोलीसही आहे. तिच्यातले सगळेच खोटे आहे असेही नाही, म्हणून आधी जे खरे आहे ते मान्य करून टाकतो.

शिकागोच्या डॅनियल बर्नहॅम या वास्तुविशारदाने आखलेली ही इमारत फिफ्थ ॲव्हेन्यू आणि ब्रॉडवे जिथे एकमेकांना तिरपे छेदतात त्या बेचक्यात आहे. तिची रुंद बाजू बाविसाव्या रस्त्याला लागून आहे आणि जेमतेम दोन मीटर रुंदीचे निमुळते टोक तेविसाव्या रस्त्याकडे रोखलेले आहे. त्या टोकाशी वारा खरोखरच बेफाम वाहत असे. १९०३ मध्ये तिथे चित्रित केलेल्या एका मूकपटात टोप्या आणि झगे सावरत चाललेली माणसे आजही पाहता येतात, आणि उडत्या झग्यांची चित्रे असलेली त्या काळची पोस्टकार्डेही उपलब्ध आहेत. तिथे घुटमळणाऱ्यांना पोलिसांनी हटकले असेल, हेही मी मान्य करतो. मात्र एक बारकावा नोंदवायला हवा. एडिसनच्या कंपनीने १९०१ मध्ये तेविसाव्या रस्त्यावरच एक लहानसा मूकपट चित्रित केला होता आणि त्यातही एका स्त्रीचा झगा उडतो. पण तो उडतो पदपथावरच्या जाळीतून वर येणाऱ्या हवेने. फ्लॅटआयर्न तेव्हा पूर्ण व्हायची होती. या रस्त्याचा आणि उडत्या झग्यांचा संबंध इमारतीच्याही आधीचा आहे, तेव्हा ‘इमारतीमुळे वारा आणि वाऱ्यामुळे गर्दी’ ही साखळी पहिल्याच कडीला ढिली पडते.

तरीही मुख्य आक्षेप वाऱ्याविषयी नसून तारखेविषयी आहे. केंटकी राज्यातल्या ‘लेक्सिंग्टन मॉर्निंग हेराल्ड’ या वृत्तपत्राच्या १७ मार्च १८९९ च्या अंकात एक छोटे टिपण आहे. गावातल्या छानछोकी पुरुषांमध्ये काही दिवसांपासून ‘ट्वेंटी-थ्री’ हा शब्द फिरतो आहे, त्याचा अर्थ ‘पुढे चला’, ‘बाहेर व्हा’, ‘या आता, गेलात ते बरेच झाले’ अशा छटांचा आहे, आणि तो गमतीने वापरला जातो, असे ते टिपण सांगते. फ्लॅटआयर्नचे बांधकाम १९०१ मध्ये सुरू झाले. म्हणजे इमारतीचा पाया खणण्यापूर्वी किमान दोन वर्षे, आणि न्यूयॉर्कपासून शेकडो मैल दूर, हा शब्द याच अर्थाने रुळलेला होता. गोष्टीतल्या पोलिसाने तोंड उघडण्याच्या आधीच तो छापून आला होता.

त्याच वर्षीची दुसरी नोंद मला अधिक आवडते, कारण तिच्यात शब्द प्रत्यक्ष वापरला जाताना दिसतो. शिकागोत नावारूपाला आलेले विनोदी लेखक जॉर्ज एड यांनी सांगितलेली ही हकिकत ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये २२ ऑक्टोबर १८९९ रोजी आली. वृत्तपत्रे विकणारा एक थोराड मुलगा कोपऱ्यावरची आपली जागा धरून उभा होता. काखेत काही अंक धरलेला एक लहान मुलगा हळूहळू सरकत त्याच्या हद्दीत शिरला. मोठा त्याच्या अंगावर धावून गेला आणि ‘ए, ए! ट्वेंटी-थ्री! ट्वेंटी-थ्री!’ असे ओरडला. धाकटा कपाळाला आठ्या घालून काहीतरी पुटपुटला, पण तिथून हलला. काही दिवसांनी एड यांनी पाहिले की एका भिकाऱ्याने एका झुळझुळीत पोशाखातल्या गृहस्थापुढे हात पसरला, तेव्हा त्या गृहस्थाने थंड तिरस्काराने ‘ट्वेंटी-थ्री’ एवढेच म्हटले. भिकाऱ्यालाही त्याचा अर्थ कळला नाही आणि आपल्यालाही, असे एड प्रांजळपणे सांगतात. पुढे बोलीभाषेची खबर ठेवणाऱ्या एका परिचिताने त्यांना सांगितले की ही निघून जाण्याची, पळण्याची खूण आहे. या दोन्ही प्रसंगांत ना वारा आहे, ना झगा, ना पोलीस. मुलांमधले हद्दीचे भांडण आहे आणि एका श्रीमंताचा तुसडेपणा आहे. लोकांच्या बोलीतले शब्द बहुधा अशाच ठिकाणी वाढतात.

तिसरा मुद्दा भाषेचा आहे आणि तो तपासायला जुनी वृत्तपत्रे चाळण्याचीही गरज नाही. न्यूयॉर्कचे रस्ते क्रमवाचक विशेषणाने ओळखले जातात. तो रस्ता ‘ट्वेंटी-थर्ड’ आहे, ‘ट्वेंटी-थ्री’ नव्हे. मुंबईकराला हे चटकन कळावे, कारण आपण ‘खेतवाडी बारावी गल्ली’ म्हणतो. ‘खेतवाडी बारा गल्ली’ म्हणणारा माणूस गिरगावात परका ठरेल. शिवाय जो पोलीस रोज त्याच रस्त्यावर उभा आहे त्याने समोरच्या माणसाला त्याच रस्त्याचा आकडा सांगून हाकलावे, यात काय अर्थ आहे? हाकलायचे तर दुसरीकडे जायला सांगावे लागते. ज्या जागेवरून उठवायचे तिचाच पत्ता कोणी ओरडून सांगत नाही. जी नुसती संख्या १८९९ मध्ये वृत्तपत्र विकणारी मुले वापरत होती, तीच या रस्त्याच्या नावाशी नंतर जोडली गेली, असे मानणे अधिक सरळ आहे.

चौथी गोष्ट ‘स्किडू’ची. १८९९ च्या दोन्ही नोंदींत हा शब्द नाही, तिथे केवळ संख्या आहे. ‘स्किडू’ छापील मजकुरात १९०५-०६ च्या सुमारास दिसू लागतो, आणि दोन्ही मिळून झालेला जोडशब्द त्यानंतर धुमाकूळ घालतो. ‘स्किडू’चे मूळ बहुधा ‘स्किडॅडल’ या जुन्या शब्दात आहे, आणि तो अमेरिकेच्या यादवी युद्धात गाजला. ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ने १० ऑगस्ट १८६१ रोजी तो छापला तेव्हा वार्ताहराने लगेच खुलासाही केला की धोका दिसताच बंडखोर आपल्या पायांचा जो सदुपयोग करतात त्याला उत्तरेकडचे सैनिक हे नाव देतात. या ‘स्किडॅडल’लाही त्याच काळात कोणा विद्वानाने थेट प्राचीन ग्रीक भाषेत नेऊन बसवले होते, कारण ग्रीकमध्ये ‘विखुरणे’ या अर्थाचे थोडेसे तसे ऐकू येणारे क्रियापद आहे. शिपायांच्या तोंडचा शब्द होमरच्या भाषेतून आला असे ऐकायला सर्वांनाच बरे वाटते, पण उच्चारातले साम्य म्हणजे वंशावळ नव्हे.

१९२० चे दशक हा गोष्टीचा शेवटचा भाग, आणि तो थोडक्यात आटोपता येईल. या शब्दाचा खरा बहर १९०६ च्या आसपासचा होता. बिल्ले, पताका आणि पोस्टकार्डे यांच्यावर २३ हा आकडा तेव्हा सर्रास झळकत असे. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत सोन्याच्या खाणीभोवती त्याच वर्षी वसलेल्या एका गावाचे नावच ‘स्किडू’ ठेवले गेले. पुढे दहा-बारा वर्षांत खाण आटली आणि गाव ओस पडले. वडीलधाऱ्यांच्या काळातला शब्द नातवंडांच्या नावावर लावण्याची ही चूक आपल्याकडेही सर्रास होते.

ही गोष्ट खोडून काढली की ऐकणारे लगेच दुसरी पुढे करतात, म्हणून त्यातल्या दोन प्रचलित उत्तरांचाही समाचार घ्यायला हवा. पहिले डिकन्सचे. १८५९ च्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या कादंबरीच्या शेवटी गिलोटिनजवळ विणकाम करत बसलेल्या बायका पडणारी मुंडकी मोजतात आणि सिडनी कार्टन हा नायक तेविसावा ठरतो. हा तर्क जुना आहे. लेक्सिंग्टनच्या त्या टिपणातच तो मांडलेला आहे. मात्र त्या पत्रकारानेही तो तर्क म्हणूनच मांडला होता, आणि त्याच टिपणात हा शब्द फक्त आमच्याच गावचा आहे असेही तो सांगतो, जे अवघ्या सात महिन्यांत एड यांच्या हकिकतीने खोटे ठरले. तर्काला माझा विरोध नाही. पण कादंबरीतला तो क्षण आत्मबलिदानाचा आहे, आणि तिथून ‘चल, फूट’पर्यंतचा प्रवास दाखवणारी एकही मधली पायरी कोणी दाखवलेली नाही. दुसरे उत्तर शर्यतींचे. एड यांच्या परिचिताने त्यांना सांगितले की इंग्लंडच्या शर्यतींत जास्तीत जास्त तेवीस घोडे धावू शकत, त्यावरून हा शब्द आला. १८६२ च्या एप्सम डर्बीत चौतीस घोडे धावले होते, एवढे सांगितले तरी पुरे.

कोणी म्हणेल की शब्द आधीचा असला तरी फ्लॅटआयर्नच्या कोपऱ्याने त्याला न्यूयॉर्कमध्ये लोकप्रिय केले असेल. हे शक्य आहे, आणि माझी त्याला हरकत नाही. आकडा आणि रस्त्याचे नाव जुळून आल्यावर पोस्टकार्डे छापणाऱ्यांनी तो योग साधला नसता तरच नवल होते. मात्र ‘लोकप्रिय केले’ आणि ‘जन्म दिला’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि फिरणारी गोष्ट दुसरे विधान करते.

आकड्यांना पळण्याचा अर्थ चिकटणे आपल्याला नवे नाही. हिंदीत माणूस ‘नौ दो ग्यारह’ होतो, आणि आपण रोज ज्याला ‘पोबारा’ म्हणतो तो मुळात सोंगट्यांच्या पटावरचा आहे. तीन फाशांवर सहा, सहा आणि एक पडले की तो पो, म्हणजे एक, आणि बारा, बेरीज तेरा. हे दान उत्तम मानले जाते, आणि हिंदीत ‘पौ बारह होना’ म्हणजे अजूनही नशीब उघडणे, चांदी होणे. तेच दान मराठीत आले आणि त्याचे पळून जाणे झाले: दान भारी पडले की सोंगटी पटावरून भराभर पुढे निघते, एवढा दुवा तर्काने जोडता येतो, पण शेजारच्या भाषेत त्याच दानाने वेगळीच वाट धरली, हे लक्षात ठेवूनच तो जोडावा लागतो. निदान आपल्याकडे दानाचा फासा आणि पट दोन्ही हाताशी आहेत. ते नसते, तर एव्हाना कोणीतरी खेतवाडीच्या तेराव्या गल्लीच्या तोंडाशी एक हवालदार उभा केला असता.