पाचोरा–जामनेर, १:४८

पाचोरा, अमळनेर, धुळे, कुठूनही फोन आला तरी हल्ली बोलणं फिरून एकाच विषयावर येतं: घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघायचं कुणी? मुलं पुण्याला, नाहीतर माझ्यासारखी परदेशात. कुणी वृद्धाश्रमाची बाजू घेतं, कुणी २००७ च्या कायद्याचा दाखला देतं, ज्याने आई-वडिलांना मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो. सरकारही काही करतंच. पंच्याहत्तरीनंतर २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. २०२४ पासून वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसाठी गरजू ज्येष्ठांना ३,००० रुपये मिळतात, आणि सत्तरीनंतर पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. हे सगळं हवंच. पण या चर्चेत मला एक प्रश्न ऐकू येत नाही: सकाळचा चहा झाल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत हा माणूस करतो काय?

मी इंग्लंडमध्ये डर्बीला राहतो. सत्तरी ओलांडली आहे. मधुमेह आहे, अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे, उजव्या हाताला कंप आहे, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत. आणि रोज मी टेबलाशी बसून पाचोरा–जामनेर रेल्वे बनवतो, लहान आकारात.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज गाडी. आम्ही तिला पीजे म्हणतो. दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. ब्रिटिश काळात सुरू झालेली ही गाडी २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत थांबली. ब्रॉडगेज करा म्हणणारे आणि वारसा म्हणून नॅरोगेज राखा म्हणणारे, दोघांचं बोलणं मी ऐकतो. ब्रॉडगेजने जामनेरच्या माणसाची सोय होणार असेल, तर माझ्या आठवणींनी तिच्या आड येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. आठवणींसाठी माझं टेबल आहे.

पीजेचा तयार संच बाजारात मिळत नाही. प्लॅस्टिकचे पातळ पत्रे कापायचे, पितळी तार वाकवायची, खिडक्या कोरायच्या, असं सगळं हाताने करावं लागतं. सुरुवातीला मी १:८७ या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, काम करायचो. त्यात ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ होतात आणि ९ मिलिमीटरचा रूळ दुकानात सहज मिळतो. पुढे कंप वाढला. तेव्हा मी १:४८ कडे वळलो. त्यात ते अंतर जवळपास १६ मिलिमीटर होतं आणि त्यालाही साडेसोळा मिलिमीटरचा तयार रूळ चालतो. १:८७ मध्ये साडेपाच फुटी माणूस जेमतेम १९ मिलिमीटरचा, तर १:४८ मध्ये ३५ मिलिमीटरचा. फलाटावरच्या म्हाताऱ्याचं पागोटं आता मला रंगवता येतं. शरीर मागे हटलं की कामाचं माप पुढे आणायचं, हे या छंदात सहज जमतं. प्रत्येक छंदात जमत नाही. ज्यांचं क्रिकेट सुटलं किंवा गळा गेला, त्यांचं दुःख मी जवळून पाहिलं आहे.

कंपाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे हात थरथरायला लागला की माणूस तो लपवायला लागतो. लग्नात चहाचा कप घेत नाही, बँकेत सही करायला मुलाला पाठवतो. माझा कंप हात कामाला लावला की वाढतो, स्वस्थ बसलं की कमी होतो. थकवा आणि कडक चहा-कॉफी यांनीही वाढतो. डॉक्टरांनी गोळी दिली आहे, पण अर्धं काम बसण्याच्या पद्धतीने होतं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन्ही हात टेबलावर टेकवायचे. वस्तू हातात धरायची नाही, पकडीत बसवायची. मनगटं एकमेकांना लावायची, म्हणजे हलली तरी दोन्ही एकत्र हलतात. श्वास सोडताना ब्रश टेकवायचा. अंगठ्यांसाठी कटरच्या मुठीवर सायकलच्या हँडलचं जाड रबर चढवलंय. बारीक मूठ आवळली की अंगठा संध्याकाळपर्यंत ठणकतो.

मोतीबिंदूची गोष्ट रंगवणाऱ्याने ऐकावी अशी आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. हे इतकं हळू होतं की कळतच नाही. माझा एक डोळा झाला होता आणि दुसरा व्हायचा होता, त्या काळात मी एकेक डोळा मिटून रंगांच्या बाटल्या बघायचो. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पांढरा स्वच्छ, किंचित निळसर दिसे, दुसऱ्याला तोच पांढरा जुन्या कागदासारखा. आपल्या रेल्वेचे डबे विटकरी रंगाचे होते आणि नव्वदच्या दशकात निळे झाले. तो निळा मला दोन वेगवेगळ्या वयांच्या नजरांनी बघायला मिळाला.

एक सांगणं आहे, खानदेशातल्या प्रत्येक शिंप्याला, सोनाराला, घड्याळजीला. मोतीबिंदूत सहसा बसवतात ती साधी लेन्स एकाच अंतराला स्पष्ट दाखवते, आणि ते अंतर बहुतेकदा लांबचं ठेवलं जातं. तुमचं काम हातभर अंतरावरचं असेल तर ते ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना सांगा. लेन्सचा नंबर ठरवताना त्याचा विचार करता येतो. शिबिरात रांग मोठी असते, डॉक्टर घाईत असतात, तरी सांगा.

आणि मधुमेह असेल तर जमिनीवर बसून हे काम करू नका. कटरचं पातं टेबलावरून घरंगळतं, पायावर पडतं, आणि बधिर पावलाला त्याचा पत्ता लागत नाही. पुढे जखम चिघळते. बंद बूट घाला आणि उठताना पावलं बघा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर बोट कापल्यावर रक्त लवकर थांबत नाही, तेव्हा पट्टी हाताशी हवी. फेविक्विकसारख्या गोंदाची वाफ डोळ्यांना आणि छातीला झोंबते, म्हणून खिडकी उघडी ठेवा.

यातून आजार बरा होतो, असं मी म्हणणार नाही. पण डोळ्यांत थेंब वेळेवर घालायला, साखर तपासायला, रात्री नीट झोपायला मला एक कारण मिळालं आहे: उद्या डब्याचं छप्पर बसवायचंय.

इथे इंग्लंडमध्ये या गोष्टीला लोकांनी जागा करून दिली आहे. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात निवृत्त पुरुषांसाठी सामाईक कार्यशाळा सुरू झाल्या. त्यांना मेन्स शेड म्हणतात, आणि त्या इंग्लंडभर पसरल्या आहेत. डॉक्टरही गोळीबरोबर एखाद्या मंडळाचा पत्ता देण्याची व्यवस्था करतात. दर नोव्हेंबरला टेलफर्डला मॉडेलवाल्यांचा मोठा मेळा भरतो, तिथे पांढऱ्या केसांची गर्दी असते. आमच्या मंडळातल्या एकाला पार्किन्सन आहे. त्यांचा ब्रश सुटला, पण ते जुने फोटो बघून कुठल्या साली कुठला रंग होता हे सांगतात, आणि त्यांना विचारल्याशिवाय कुणी रंगाची बाटली उघडत नाही.

म्हणून इंग्लंडचं म्हातारपण चांगलं, असं मात्र नाही. एकटेपणासाठी २०१८ मध्ये मंत्री नेमावा लागलेला हा देश आहे. पाचोऱ्यात रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर गल्लीतले चार जण गाडी काढतात. इथे मी रुग्णवाहिकेसाठी ९९९ फिरवतो आणि दाराची कडी आधीच काढून ठेवतो. ओट्यावर येऊन बसणारं माणूस इथे नाही, ही उणीव कुठलंही मंडळ भरून काढत नाही.

पण आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाने आवडीचं काही मांडलं की त्याला ‘खेळ’ म्हणतात. गावी गेलो असताना मी पुतण्याच्या घरी डब्याचे भाग मांडले, तेव्हा सून मायेनेच म्हणाली, “नाना, आते या वयमा हाई काय खेयनं मांडं शे?” जप चालतो, हरिपाठ चालतो, नातवाला शाळेत सोडणं चालतं. स्वतःसाठी केलेलं काम चालत नाही. (बायकांची तऱ्हा निराळी आहे. पापड-कुरडयांपासून त्यांचे हात कधी मोकळेच होत नाहीत. त्यांच्या आवडीचं त्यांनाही कुणी विचारलं पाहिजे.) सरकारी जकातीच्या वर्गवारीतही मॉडेल आणि खेळणी एकाच खणात आहेत. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. वास्तविक मॉडेलचे संच बनवणाऱ्या एअरफिक्स या इंग्लिश कंपनीचं १९४९ चं पहिलं मॉडेल म्हणजे फर्ग्युसन ट्रॅक्टर, आणि ते खेळण्यासाठी नव्हे, तर खरे ट्रॅक्टर विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाला दाखवता यावं म्हणून बनवलं होतं.

मला हळहळ वाटते ती भुसावळची. तिथल्या लोको शेडमध्ये आणि वरणगावच्या आयुध निर्माणीत ज्यांनी आयुष्यभर कानशीने लोखंड घासून माप बसवलं, त्यांचे हात साठीला थांबतात, आणि मग ती माणसं ओट्यावर बसून रस्ता बघतात. जिल्ह्यातली ही केवढी मोठी कारागिरी! महागडे परदेशी संच लागतच नाहीत. पाट्या रंगवणाऱ्याकडे सनबोर्डचे, म्हणजे हलक्या फोमच्या फळीचे, तुकडे मिळतात, वायरमनकडे तांब्याची तार. वैशाखात पाण्याचा रंग ब्रशवरच वाळतो, म्हणून पहाटे सहाला बसायचं. कुलर टेबलाकडे तोंड करून लावायचा नाही, धूळ रंगात बसते.

पाचोऱ्याचा माझा वर्गमित्र निवृत्त शिक्षक आहे, गुडघ्यांनी बेजार. स्टेशनच्या इमारतीची मापं मी त्याच्याकडे मागितली. टेपचं दुसरं टोक नातवाने धरलं. दरवाजे, कमानी, फलाटाची उंची, सगळं त्याने वहीत उतरवून पाठवलं, आणि त्यानंतर स्वतःच सनबोर्डचा फलाट कापायला घेतला. आता त्याने ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत कॅरमशेजारी एक टेबल मागितलं आहे. विजेचं बिल कोण भरणार, असं तिथे विचारलं गेलं. बिलाचं मी बघतो, असं कळवलंय. फक्त दिवे दोन लावा, दोन्ही बाजूंनी एकेक, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही.