‘मिक्स आफ्रिकन सोडा, पिल्लं आपोआप होतील’: या सल्ल्याचं एकेक कलम तपासू

घरच्या घरी सिक्लिड कुळातल्या शोभेच्या माशांची पैदास करा असं सांगणारा एक सल्ला व्हॉट्सॲप ग्रुपांवर आणि छोट्या व्हिडिओंमध्ये सारखा फिरत असतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. एक खोली रिकामी करा, रॅकवर दहा टाक्या मांडा, त्यात मिक्स, म्हणजे वेगवेगळ्या जातींचे एकत्र विकले जाणारे, आफ्रिकन सिक्लिड सोडा. पाण्यात मूठभर मीठ टाका. पाणी खराब दिसलं की बदला. मादीच्या तोंडात अंडी दिसली की लगेच काढून घ्या, नाहीतर ती गिळते. महिन्याभरात दुकानदार पिल्लं उचलायला लागतील. हे वाचून नवी मुलं साठवलेले पैसे घालतात. मग एक तर मासे मरतात, नाहीतर कुणालाच नको असलेल्या पिल्लांनी टाक्या भरून जातात. म्हणून याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

आधी त्यातलं खरं सांगतो. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड सहज पिल्लं देतात. नर-मादी आहेत, पाणी बरं आहे, पोटाला मिळतंय, एवढं जमलं की ते थांबत नाहीत. पण नेमकं याच कारणाने मिक्स टाकी पैदाशीला सर्वांत वाईट.

मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मधे पसरलेल्या या सरोवरात सिक्लिडच्या शेकडो प्रजाती आहेत आणि त्यातल्या जवळपास सगळ्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. त्या एकाच कुळातून, एकाच पाण्यात वेगवेगळ्या झाल्या. रक्ताने इतक्या जवळच्या की एकमेकींशी संकर झाला तर पिल्लं बहुधा जगतात आणि पुढे वितातही. सरोवरात त्यांना वेगळं ठेवतं ते राहण्याचं ठिकाण, खोली, खडक की वाळू, आणि नराचा रंग. मादी आपल्या जातीचा रंग ओळखून जोडीदार निवडते. टाकीत यातलं काहीच उरत नाही. खडक तोच, खोली तीच, आणि आपल्या जातीचा नरच नसला तर मादी समोर आहे त्याच्याशी जुळवून घेते.

पीकॉक म्हणून विकल्या जाणाऱ्या ऑलोनोकारा गटात हा घोळ सर्वांत जास्त होतो. नर निळे, पिवळे, लाल, बघत राहावेत असे. माद्या मात्र सगळ्या जातींच्या राखाडी-तपकिरी. मिक्स लॉटमधून उचललेली पीकॉकची मादी नुसत्या नजरेने कुणालाच छातीठोकपणे ओळखता येत नाही. तीन जातींचे नर आणि अशा पाच माद्या एका टाकीत सोडल्या की पिल्लांचा बाप कोण हे सोडा, आई कोणत्या जातीची हेही सांगता येत नाही. ओबी पीकॉक किंवा फ्लॉवरहॉर्न हे माणसाने केलेले संकर आहेत आणि त्याच नावाने विकले जातात, त्यात फसवणूक नाही. माझी तक्रार आहे ती संकर पिल्लू ‘यलो लॅब’ किंवा ‘रेड झेब्रा’ अशा शुद्ध जातीच्या नावाने पिशवीत भरलं जातं त्याबद्दल. घेणारा त्यावरून पुढची पिढी काढतो, आणि दोन-तीन वर्षांत त्या शहरात त्या जातीचा भरवशाचा मासा मिळेनासा होतो.

हे नुसतं शौकिनांचं सोवळं नाही. सॉलोसी नावाचा छोटा म्बुना, म्हणजे मलावीच्या खडकांत राहणारा सिक्लिड, घ्या. नर निळा, काळ्या पट्ट्यांचा. माद्या आणि पिल्लं पिवळीधमक. सरोवरात तो चिझुमुलू बेटाजवळच्या तैवान रीफ या एकाच खडकाळ जागी सापडतो. शौकिनांसाठी तिथून भरमसाट मासे पकडले गेले आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. अशा माशाची घराघरांतली शुद्ध पिढी मोलाची आहे. ती एकदा दुसऱ्या जातीत मिसळली की परत वेगळी काढता येत नाही.

म्हणून एक टाकी, एक जात. एक नर, तीन-चार माद्या. सुरुवातीला खात्रीच्या माणसाकडून एकाच जातीची आठ-दहा पिल्लं घेऊन वाढवणं सर्वांत चांगलं, कारण मोठा झालेला, रंग चढलेला मासा कसा वाढवलाय ते कळत नाही. लवकर रंग यावा म्हणून हार्मोन दिलेले मासे बाजारात असतात. त्यांचा रंग काही महिन्यांत उतरतो, आणि नर म्हणून घेतलेला मासा कधी कधी मादीच निघते. आणखी एक, खोलीत सगळ्या टाक्यांना एकच जाळी वापरू नका. बोटाच्या पेराएवढं पिल्लू जाळीच्या घडीत अडकून शेजारच्या टाकीत जातं आणि सहा महिन्यांनी तुम्हाला कोडं पडतं.

आता मीठ. आफ्रिकन सिक्लिडला खारं पाणी लागतं ही समजूत इतकी पक्की बसलीय की दुकानातही मिठाची पुडी सोबत देतात. मलावी गोड्या पाण्याचं सरोवर आहे. समुद्रात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, मलावीत पाव ग्रॅमसुद्धा नसतात. शंभर लिटरच्या टाकीत 50 ग्रॅम मीठ टाकलंत की लिटरमागे अर्धा ग्रॅम झालं, म्हणजे सरोवरातल्या एकूण क्षारांच्या दुपटीहून जास्त, तेही नुसतं सोडियम क्लोराइड. या माशांना हवा असतो तो पाण्याचा जडपणा आणि चढा, स्थिर पीएच. मलावीचा पीएच साधारण 7.7 ते 8.6, आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवराचा 9च्या आसपास. तो टिकतो कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटमुळे. मिठाने यातलं काहीही वाढत नाही. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवरचा आकडा मात्र झपकन चढतो, म्हणून लोकांना वाटतं पाणी तयार झालं.

मुंबई-पुण्यात धरणाचं पाणी येतं, ते बहुधा मऊ असतं. त्यात फिल्टरमध्ये किंवा तळाला शिंपल्यांचा नाहीतर कोरलचा चुरा घाला. तेवढ्याने भागलं नाही तर खायचा सोडा आणि थोडं एप्सम सॉल्ट, आणि दर वेळी पाणी बदलताना तेच प्रमाण. बोअरचं पाणी असेल तर आधी तपासा. दख्खनच्या बऱ्याच बोअरना पाणी मुळातच जड असतं आणि मलावीच्या माशांना ते आहे तसं चालतं, फक्त साठवून, हवा देऊन मग वापरायचं. मिठाचा खरा उपयोग औषधासारखा आहे. नायट्राइट, म्हणजे अमोनियापासून टाकीत तयार होणारं विषारी द्रव्य, चढलं असेल तर क्लोराइडमुळे ते कल्ल्यांतून रक्तात कमी जातं. तो प्रसंग संपला की मीठही संपलं.

‘पाणी खराब दिसलं की बदला’ हे कलम सर्वांत घातक आहे, कारण अमोनिया दिसत नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून तो सतत पाण्यात येतो. त्यातला किती भाग विषारी रूपात राहील हे पीएचवर ठरतं. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का, 8 असेल तर पाच टक्क्यांच्या वर, 9 असेल तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त. म्हणजे गप्पीच्या टाकीत जेवढा अमोनिया खपून जातो, तेवढाच आफ्रिकनच्या टाकीत कल्ले जाळतो, आणि पाणी तेव्हाही काचेसारखं स्वच्छ दिसत असतं. नव्या टाकीत फिल्टरमधले जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर मासे भरू नका. जुन्या टाकीचा चालू स्पंज फिल्टर आणून लावलात तर हा काळ खूप कमी होतो. त्यानंतर दर आठवड्याला चौथा ते तिसरा हिस्सा पाणी, वार ठरवून. पाण्याकडे बघून ठरवायचं नाही. खाण्याचंही तसंच. म्बुना खडकावरचं शेवाळ खरवडून जगणारे मासे. त्यांना रोज ट्युबिफेक्स किडे आणि बीफहार्टसारखं मांस घातलं की पोट फुगून मरतात. स्पिरुलिना या शेवाळाचं खाणं, तेही थोडं थोडं.

आता तोंडातल्या अंड्यांचा मुद्दा. मादी अंडी घालून लगेच तोंडात घेते आणि नराच्या गुदपरावरच्या (पोटाखाली, शेपटीकडच्या परावरच्या) अंड्यासारख्या ठिपक्यांपाशी तोंड नेते, तिथे अंडी फळतात. पुढे साधारण तीन आठवडे ती तोंड मिटून असते, जवळजवळ काहीच खात नाही. जवळून बघितलंत तर हनुवटीखालची पिशवी फुगलेली दिसते, आणि दर थोड्या वेळाने जबडा चावल्यासारखा हलतो. ती अंडी घोळवत असते. त्या हालचालीने प्रत्येक अंड्याला ताजं पाणी मिळतं आणि बुरशी धरत नाही. हे काम पहिल्या आठवड्यात काढलेल्या अंड्यांसाठी कोण करणार? टंबलर, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी अंडी घोळवणारी नळी, लावून, हवेचा जोर अचूक जुळवून करता येतं, पण नवख्याच्या हातून बहुतेक अंडी पांढरी पडतात. नवी मादी पहिल्या एक-दोन वेळा अंडी गिळते हे खरं. तिला सवय होऊ द्यावी. अंडी काढून घेत राहिलात तर तिला पूर्ण मुदत धरायला कधी मिळणार?

काढायचीच असतील तर अठरा-वीस दिवसांनी काढा. ओल्या हाताने मादीला टाकीच्याच पाण्याच्या भांड्यात धरायचं, डोकं खाली, आणि ओल्या मऊ काडीने खालचा ओठ अलगद उघडायचा. पिल्लं एकेक करून बाहेर पडतात. डोळे मोठे, पोटाला पिवळ्या बलकाचा शेवटचा अंश, आणि तळाला पोचायच्या आत पोहायला लागलेली. ती लगेच आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव) किंवा चुरलेलं खाणं घेतात. मादीला मात्र परत नराच्या तावडीत टाकू नका, दोन आठवडे वेगळ्या टाकीत खाऊपिऊ घाला.

‘आईबाप पिल्लं खातात’ हेच एंजल या दुसऱ्या सिक्लिडबद्दलही सांगतात. तिथे अंडी पानावर किंवा काचेवर असतात, 27-28 अंशांना सुमारे अडीच दिवसांत फुटतात, आणि तरुण जोडी सुरुवातीला ती खाते. पण जोडीला संधी दिली तर पुष्कळदा ती नीट सांभाळते. डिस्कस या सिक्लिडची पिल्लं तर आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊनच पहिले दिवस काढतात, तिथे वेगळं करणं म्हणजे उपाशी मारणं. कोकण-गोव्याच्या खाड्यांतला कालुंदर मासा हाही सिक्लिडच. भारतात मूळच्या तीनच जाती, त्यातली ही एक. त्यात नर आणि मादी दोघंही अंडी-पिल्लं राखतात. पिल्लं राखणं हा या सगळ्या कुळाचाच स्वभाव आहे.

महिन्याभरात विक्री? तीन आठवडे तोंडातच गेले. बाहेर आलेलं यलो लॅबचं पिल्लू सेंटिमीटरभर असतं, दुकानदार घेईल एवढं व्हायला तीन-चार महिने लागतात. पीकॉकच्या नराला रंग यायला त्याहून जास्त. पाच माद्या, प्रत्येकीची वर्षाला पाच खेपा, खेपेला वीस पिल्लं धरली तर पाचशे पिल्लं, मर वजा न करता. त्यातून वीज, खाणं आणि वाढीच्या टाक्यांचा खर्च काढा. छंदाचा खर्च यातून निघू शकतो, पगाराची जागा घेईल असं सांगणं चूक आहे. धंदा म्हणूनच करायचा असेल तर 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्य युनिटचा खर्च 3 लाख धरला होता आणि त्यावर अनुदान ठेवलं होतं. सरकारने धरलेला हा आकडा आणि फॉरवर्डमधली ‘रिकामी खोली’ शेजारी ठेवून बघा.

त्या खोलीबद्दलही. चार फूट बाय दीड बाय दीडच्या टाकीत 255 लिटर पाणी मावतं, दहा टाक्यांत अडीच टन. काच, लोखंड, दगड वेगळे. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी आपल्या मानकात चौरस मीटरला 200 किलो भार धरतात, म्हणजे दहा बाय दहाच्या अख्ख्या खोलीला 1,860 किलोच्या आसपास. वरच्या मजल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय असा रॅक लावू नका, आणि वीज घेताना आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवलेली असू द्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी टांगानिकाचे शंखात राहणारे ‘मल्टी’ पाळावेत. पाच सेंटिमीटरच्या आतला मासा, दोन फुटी टाकीत अख्खी वस्ती होते. शेतातल्या गोगलगायींचे रिकामे शंख उकळून दिले तर त्यातही संसार थाटतो.

आणि न विकली जाणारी पिल्लं? त्याबद्दल तो सल्ला एक अक्षर बोलत नाही. ती विहिरीत, तळ्यात, नदीत सोडली जातात. आफ्रिकेतली मोझांबिक तिलापिया 1952 मध्ये आपल्याकडे खाण्यासाठी आणली गेली. तीही सिक्लिडच, तीही तोंडात पिल्लं वाढवणारी. आज उजनीच्या काठावर कुणालाही विचारा, चिलापी सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा टाकीतला एकही मासा बाहेरच्या पाण्यात जाता कामा नये. प्रत्येक खेप वाढवायलाच हवी असं नाही. मादीला मोठ्या टाकीतच पिल्लं सोडू दिली तर दगडांच्या फटीत दोन-चार वाचतात, तेवढीच पुरतात. जागा संपली की नर काढून घ्या. आणि देताना पिशवीवर जातीचं नाव, मूळ मासे कुणाकडून आले ते आणि पिल्लं बाहेर पडल्याचा महिना लिहून द्या. आईबापाची खात्री नसेल तर तिथे सरळ ‘क्रॉस’ लिहा.